काड्या फिरवणारा मुलगा आणि 55 हजारांचा क्लास

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यात एका जिनिंगमध्ये फिटर आहे. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजातून आला की कॉम्प्युटरवर चार-पाच काड्या जोडून त्या फिरवत बसतो. त्याची आजी म्हणते, ‘पोऱ्या दिनभर काय करस, समजस नही.’ तो म्हणतो, मला यातच पुढे जायचंय. पुण्याचा एक क्लास 55 हजारांत सहा सॉफ्टवेअर शिकवतो आणि सहा सर्टिफिकेटं देतो. सोसायटीचं कर्ज काढून पैसे भरू का? की सरळ कॉम्प्युटरची लाइन घ्यायला सांगू?

उत्तर : भाऊ, 55 हजार भरू नका, यंदा तर नाहीच. आणि लाइनही बदलू नका.

पोरगा काय करतो ते तुम्हाला कॉलेजच्या सरांपेक्षा लवकर कळेल. तुमच्या डबल रोलर जिनमध्ये शाफ्ट गोल फिरतो आणि हलती सुरी वर-खाली झुलते. सरकी सुटते ती त्या झुलण्यामुळे. गोल फिरण्याचं झुलणं करतात ते मधले दांडे. किती लांबीचे दांडे घेतले तर सुरी किती झुलेल, हे लोखंड कापायच्या आधी पडद्यावर बघणं, एवढाच त्या काड्यांचा अर्थ. ट्रॅक्टरमागची टॉप लिंक आणि खालचे दोन दांडे अवजार उचलतात, त्यातही हाच हिशोब आहे.

यासाठी लागणारी सॉफ्टवेअरं बरीचशी फुकट आहेत. डेव्हिड रेक्टर यांनी केलेलं ‘लिंकेज’ विंडोजवर चालतं, फुकट आहे, आणि सपाट यंत्रणा, म्हणजे एकाच पातळीत हलणारे दांडे, झटपट जोडून फिरवून बघायला उत्तम. जिओजेब्रा भूमितीसाठी आहे, पण वर्तुळं छेदून त्यात यंत्रणा उभी करताना आतलं गणित पक्कं होतं. मी तर सुरुवात त्यानेच करायला सांगतो. खरे पार्ट काढून जोडायचे तर फ्रीकॅड आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती आली, तेव्हापासून पार्टची जोडणी त्यातच करता येते. फ्यूजन हेही पार्ट काढून जोडायचंच सॉफ्टवेअर, विद्यार्थ्यांना फुकट मिळतं. सॉलिडवर्क्स, अ‍ॅडम्स ही महागडी मंडळी कंपनीत भेटतील, तेव्हा बघू. सहा सॉफ्टवेअरांची बटणं चार महिन्यांत शिकलेला मुलगा मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतो.

तो दुसरा प्रश्न कसा असतो, ते सांगतो. चार दांडे घ्या : फिरणारा क्रॅंक 30 मिलिमीटर, मधला जोडदांडा 110, झुलणारा 80 आणि दोन शाफ्टच्या केंद्रांतलं अंतर 100. क्रॅंक पूर्ण फिरेल का? ग्रासहॉफचा नियम सांगतो की सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा यांची बेरीज उरलेल्या दोघांच्या बेरजेपेक्षा कमी हवी. इथे 140 आणि 180, म्हणजे फिरेल. क्रॅंक 75 केला तर 185 आणि 180, अर्ध्यातच अडकेल. पोराने हे बटण दाबायच्या आधी सांगितलं पाहिजे, दाबल्यावर तर कुणालाही दिसतं.

खरी मेख पुढे आहे. 30 चा क्रॅंक पडद्यावर झोकात फिरतो, मुलगा खूश. पण जोडदांडा आणि झुलणारा दांडा यांच्यातला कोन, म्हणजे ट्रान्समिशन अँगल, एका जागी साधारण 39 अंशांपर्यंत उतरतो. तो 40 च्या खाली जाऊ नये असा संकेत आहे, कारण मग जोर दांडा झुलवण्याऐवजी पिन आणि बुशवर, म्हणजे पिन ज्यात फिरते त्या नळीवर, जातो. जोडदांडा 110 चा 100 करा, तोच कोन 44 वर येतो. झुलणाऱ्या दांड्याचा झोका 50 अंशांचा 48 होतो, एवढंच नुकसान. हे ज्याला सुचतं त्याला डिझाइन विभागात बसवतात.

आणि बुश खाल्लेली असली की जिनचा आवाज कसा बदलतो, हे यातल्या बहुतेक सॉफ्टवेअरांना ठाऊकच नसतं. तिथे पिन नेमकी बसलेली, ढिलाई शून्य. ते तुम्ही शिकवायचं.

म्हणून त्याला हे काम द्या. सीझन संपून जिन बंद झाली, मेन स्विच खाली आणि मालकाची परवानगी हातात, की एका मशीनच्या सुरीची यंत्रणा मोजायची, तुम्ही शेजारी उभे असताना. दांड्याची टोकापासून टोकापर्यंतची लांबी काही कामाची नाही. माप पिनच्या केंद्रापासून पिनच्या केंद्रापर्यंत. पोरं हमखास तीनच दांडे मोजून येतात. चौथा दांडा दिसत नाही, कारण तो म्हणजे मशीनचा सांगाडाच, दोन शाफ्टमधलं अंतर. मग ते ‘लिंकेज’मध्ये उतरवायचं, पडद्यावरचा झोका आणि हाताने शाफ्ट फिरवून मोजलेला झोका ताडून बघायचा. जुळला नाही तर का नाही, हे वहीत लिहायचं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला यापेक्षा चांगला विषय मी सुचवू शकत नाही. विकत आणलेल्या तयार मॉडेलांची गर्दी परीक्षकांनी पुष्कळ पाहिलीय.

नोकरीबद्दल स्पष्ट सांगतो. ‘लिंकेज डिझायनर’ अशी जाहिरात तुम्हाला पेपरात दिसणार नाही. हे काम स्पेशल पर्पज मशीन, म्हणजे एकाच ठराविक कामासाठीचं मशीन, बनवणाऱ्यांकडे, पॅकेजिंग मशीनवाल्यांकडे, शेती अवजारांच्या कारखान्यांत असतं. पुणे, नाशिक, संभाजीनगरकडे जास्त. जळगाव एमआयडीसीत चटई, पाइप, डाळमिल आहेत, तिथे मशीन दुरुस्त करता करता सुधारणारा माणूस लागतो. सुरुवातीला ड्रॉइंग काढणं आणि पार्टची यादी करणं हेच पदरी पडेल, पगारही बेताचाच. डिप्लोमाला मार्क बरे असतील तर थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीला घाला, मोठ्या कंपनीचं डिझाइनचं दार त्याने लवकर उघडतं. कर्ज काढायचंच तर त्यासाठी काढा.

एवढं करूनही क्लास लावायचाच असेल तर तिसऱ्या वर्षी, एकाच कॅड (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या) सॉफ्टवेअरचा, जळगाव किंवा धुळ्यात. फी भरण्याआधी तिथल्या सरांना मुलाने स्वतःची वही दाखवून विचारायचं : ‘ही यंत्रणा मला फिरवून, त्यावरचा जोर काढून दाखवाल का?’ सरांनी लगेच सर्टिफिकेटाचा नमुना पुढे केला, तर उठून यायचं.

वही तयार झाली की मलाही पाठवा. फोटो नकोत, पिन ते पिन मापं हवीत.