पाहुण्यांसमोर "बोलून दाखव" म्हणू नका (मुलगी ६ वर्षं, जर्मन, सांगली)

ताई, तुमची पोस्ट वाचून आमचंच घर दिसलं. सहा वर्षांची पोरगी चार महिने आवडीनं जर्मन बोलली आणि आता वही काढली की पोट दुखतं म्हणते. आमच्या चिरंजीवांचं डोकं दुखायचं, एवढाच फरक. आधीच सांगते, मी टीचर बिचर नाही, पुण्यात कॉलेजला असताना बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, जर्मन केलेलं तेवढंच, पटेल ते घ्या.

गाणी, कार्टून, रोज थोडं थोडं, हे तुम्हाला माहितीच असणार. मी माती कुठं खाल्ली ते सांगते. पोरगा जेवताना मस्त बोलायचा, चमचा म्हणजे डेअर ल्योफल, काटा डी गाबल, सुरी डास मेसर, एका ताटाशेजारी तिन्ही लिंगं (डेअर तो, डी ती, डास ते), आणि मला कोण अभिमान! कोणी आलं की "आजोबांना म्हणून दाखव रे". गणपतीत आरती झाल्यावर हॉल भरलेला, मी त्याला खुर्चीवर उभा केला. त्यानं "इश" म्हटलं, म्हणजे "मी", तो उच्चार धड श नाही धड ह नाही, आणि त्यानं तो माझ्यापेक्षा चांगला काढला होता. एक नातेवाईक म्हणाले, हे बोलतंय का मांजरागत फिस्कारतंय? सगळे हसले. मीही हसले. त्याला तेच लागलं असणार, कारण खुर्चीवरून उतरताना तो माझ्याकडंच बघत होता. पुढं दीड वर्ष एक शब्द नाही.

त्यावर इलाज म्हणून मी काय केलं, तर क्लास लावला. नाव घेत नाही. दुसऱ्याच आठवड्यात डेअर-डेन-डेमचा, म्हणजे विभक्तीप्रमाणं "डेअर" कसं बदलतं त्याचा तक्ता, तोही इंग्रजीतून, आणि वर्षअखेरीला परीक्षा देऊ म्हणे. अहो, मुलांची ती फिट इन डॉइच परीक्षाच मुळात १० ते १६ वयाच्या पोरांसाठी आहे, हे मी नंतर वाचलं, आधी वाचायला काय झालं होतं कोण जाणे. फी वर्षाची एकदम भरलेली. परत मागायला चार हेलपाटे घातले, दर वेळी काउंटरवर नवीन मुलगी आणि "मॅडम, पॉलिसी नाही". असो, त्यावर लिहायला बसले तर रात्र होईल.

माझं स्पष्ट मत, इंग्रजीतून शिकवूच नका. (इंग्लिश मीडियमवाले चिडतील, चिडू देत.) इंग्रजीत सगळ्याला एकच "द", आपल्याकडं तो-ती-ते घरचंच आहे. डास किंट म्हणजे ते मूल, पोराला क्षणात कळतं. मुलगीसुद्धा तिकडं "डास", त्यावर तो फिदीफिदी हसला, मग मी म्हटलं आपण नाही का म्हणत "ते पोरगं"? अर्थात सगळं जुळत नाही, सूर्य तिकडं बाई आहे. आकड्यांचंही तसंच, २१ ला ते "एक आणि वीस" म्हणतात, आपलं एकवीस तसंच की, आधी एक. ट्वेंटीवनवाली पोरं तिथं अडखळतात. २०१९ ला दुसरीच्या गणितात "वीस एक" आलं तेव्हा केवढा गोंधळ झाला होता, आठवतंय?

आणि घाई कशाला? मिरजेत माझ्या माहेरच्या गल्लीतली पोरं शेजाऱ्यांत खेळता खेळता कन्नड उचलतात, त्यांना कोण क्लास लावतंय? मात्र जर्मनला शेजारी नाही, ती उणीव घरानंच भरायची. तुमच्या मुलीचं पोट खरंच दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा हं, मी आपली अंदाजानं बोलतेय.

आमचा आता खालच्या मजल्यावरच्या चार वर्षांच्या पोरीला "शिकवतो". मी जिन्यातच थांबते, आत जात नाही, मागच्या आठवड्यात तिला डेअर-डी-डास चुकीचं सांगत होता तरी गप्प बसले.

फीचं विचारलंत, तर महिन्याची घेत नसतील तिथं लावू नका.