ड्रम्सवर एकच शैली धरायची का? आधी सायमन फिलिप्स नीट ऐका

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. तुम्ही उजवे, पण हाय-हॅट (ड्रमसेटच्या डावीकडची, पायाने मिटणारी झांजांची जोडी) उजवा हात डाव्यावरून क्रॉस नेऊन वाजवण्याऐवजी डाव्या हाताने वाजवायला लागलात म्हणून ड्रम्सचे सर नाराज. त्यात एकीकडे मेटल बँड, दुसरीकडे ऑर्केस्ट्रा, तिसरीकडे जॅझचा जॅम. म्हणून मित्र म्हणतात, एक ना धड, भाराभर चिंध्या. ही दोन्ही दुखणी मी काढली आहेत. रुडिमेंट्स (काठ्यांचे पायाभूत सराव), मेट्रोनोम (ठेका धरणारं यंत्र) वगैरे तुम्ही करतच असाल, त्यात शिरत नाही.

मला यातून बाहेर काढलं ते ड्रमर सायमन फिलिप्सच्या वादनाने. जन्म लंडनचा, 1957 चा. वडील सिड फिलिप्स क्लॅरिनेट वाजवायचे, त्यांचा डिक्सीलँड जॅझचा बँड होता. बाराव्या वर्षी पोरगा त्यात पैसे घेऊन वाजवायला लागला. 1973 मध्ये वडील गेले आणि तो लंडनच्या रंगभूमीवर 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये वाजवू लागला. पुढचा प्रवास बघा. 1976 मध्ये रॉक संगीतकार ब्रायन ईनो आणि फिल मॅन्झनेरासोबत '801 लाइव्ह' हा अल्बम. 1977 मध्ये ज्यूडास प्रीस्ट या मेटल बँडचा 'सिन आफ्टर सिन', त्याच सुमारास बासवादक जॅक ब्रूसचा बँड. प्रीस्टला तो कायमचा हवा होता, पण ब्रूसला शब्द दिला होता म्हणून गेला नाही. तेव्हा तो जेमतेम विशीत होता! एका हाताने मेटल घडवत होता आणि दुसऱ्याने जॅझच्या अंगाचा रॉक. याला कोणी चिंध्या म्हणून दाखवावं.

गिटारवादक जेफ बेकच्या 1980 च्या 'देअर अँड बॅक' अल्बममधला 'स्पेस बूगी' हेडफोन लावून ऐका. दोन्ही पायांनी शफल (झुलता, लांब-आखूड ठोक्यांचा ठेका) चालू आहे आणि वर हात मोकळे फिरताहेत. कीबोर्डवादक टोनी हायमससोबत ती रचना फिलिप्सचीच आहे. मूळचा उजवा असूनही हाय-हॅट तो डाव्या हाताने वाजवतो, राइड ही मोठी झांजही डावीकडे. हात एकमेकांवरून जात नाहीत, त्यामुळे हाय-हॅट खाली ठेवता येते आणि उजवा हात टॉमवर (सेटमधल्या बाकीच्या ड्रम्सवर) जायला केव्हाही मोकळा. तुमच्या सरांना हे दाखवा. कदाचित पटणार नाही, पण दाखवा.

आता माझं सगळ्यात जास्त नुकसान कशाने झालं ते सांगतो. ड्रम्सच्या ग्रेड परीक्षेचं एक केंद्र, नाव घेत नाही. मी विनंती केली की राइडचा स्टँड डावीकडे घेऊ द्या. एक विंगनट सैल करायचा, स्टँड उचलायचा, पुन्हा आवळायचा, एवढंच काम. टेबलामागच्या बाईंनी मानही वर केली नाही. "सेट आहे तसाच वाजवायचा." स्टँडचे पाय गालिच्याला चिकटपट्टीने चिकटवलेले होते. नियम कुठे लिहिलाय, विचारलं तर अर्ज करा म्हणाले. अर्ज केला, तर पुढच्या सत्रात बघू. फी परत नाही. पुढच्या सत्रात तेच. शेवटी पास व्हायचं म्हणून क्रॉस हातांवर परत जावं लागलं आणि डाव्या हातात महत्प्रयासाने आलेली सफाई पार गेली. ती परत मिळवायला फार काळ लागला. अजून चीड येते. सगळी केंद्रं अशी नसतील, पण फॉर्म भरण्याआधी सेटबद्दल लेखी विचारून घ्या. तोंडी "हो हो" वर विसंबू नका.

शैलीबद्दल माझं ठाम मत: आत्ता काहीही सोडू नका. ऑगस्ट 1992 मध्ये टोटो या रॉक बँडचा ड्रमर जेफ पोर्कारो अचानक वारला आणि टोटोने दौऱ्यासाठी फिलिप्सला बोलावलं. 'रोझॅना' गाण्याचा शफल पोर्कारोची ओळख, त्या जागी बसणं सोपं नव्हतं. तो राहिला आणि 2014 पर्यंत राहिला. त्या काळात हिरोमी या जपानी पियानोवादिकेच्या त्रयीतही वाजवत होता. तिच्या रचनांतले ताल बघाल तर थक्क व्हाल.

आणखी एक गोष्ट, जी ड्रमर मंडळी हटकून टाळतात. रेकॉर्डिंग शिका. संगीतकार माइक ओल्डफील्डच्या 1983 च्या 'क्रायसिस' अल्बमवर फिलिप्स सहनिर्माता आहे. त्यातल्या 'मूनलाइट शॅडो'वर ड्रम्सही त्याचेच. गाण्याला काय हवं हे स्टुडिओत काचेच्या पलीकडे, रेकॉर्ड करणाऱ्याच्या जागी बसल्यावर कळतं, आपण किती जास्त वाजवतो हेही. महागडे माइक नकोत. सेटच्या वर एक, किकसमोर (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमसमोर) एक, सुरुवातीला पुरे.

मी शिक्षक नाही, हे माझ्यापुरतं आहे. मनगट किंवा खांदा दुखत असेल तर हात बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवा. इअरप्लग आजच घ्या, मेटलच्या तालमीत तरी नक्की.

तुमची हाय-हॅट स्नेअरपेक्षा (समोरच्या मुख्य ड्रमपेक्षा) किती वर आहे ते लिहा, म्हणजे स्टूल आणि स्टँडचं नेमकं सांगता येईल.