गोठ्यातली बाटली

प्रश्न : आमच्या खिलार बैलाचं कॅन्सर झालेलं शिंग काढताना डॉक्टरांनी सुई टोचली आणि दहा मिनिटांत बैल बसला. पुतण्या फिलाडेल्फियाला असतो. तो म्हणतो, तिकडचे नशेकरी हेच औषध टोचून घेतात. खरं का? उरलेली बाटली गोठ्यातच आहे.
– एक शेतकरी, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर : दादा, औषध तेच, झायलाझिन. पण बहुतेकांनी ते मागितलेलं नसतं. फेंटानिल म्हणजे अफूच्या जातीचं, पण फार जहाल औषध; त्याची नशा लवकर उतरते. ती लांबावी म्हणून विकणारे हे स्वस्त औषध त्यात मिसळतात. 2023च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सरकारनं या मिश्रणाला देशावरचा नवा धोका ठरवलं. माणसासाठी या औषधाला मंजुरीच नाही.

तुमच्या बैलानं मान टाकली, लाळेची तार लागली, ते पाहिलंत ना? माणसाचंही तसंच. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. फेंटानिलवर उतारा म्हणून नॅलॉक्सोन देतात, त्याचा झायलाझिनवर काही उपयोग नाही. तरी ते द्यायचंच, कारण श्वास मुख्यतः फेंटानिल बंद पाडतं; सोबत तोंडानं श्वास द्यायचा. शिवाय जखमा होतात. मांस काळं पडून झडतं, तेही कधी कधी सुई न टोचलेल्या जागी! 2024पासून फिलाडेल्फियात मेडेटोमिडिन शिरलंय, कुत्र्यामांजरांच्या भुलीचं. ते अंगातून उतरलं की रक्तदाब भडकतो, उलट्या थांबत नाहीत, माणूस आयसीयूत जातो.

गाईबैलांना हे औषध फार चढतं. घोड्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात भागतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी डोस काढायला एका बैलाचं वजन नजरेनं धरलं आणि चुकलो. पोट फुगून श्वास कोंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना भुश्श्याची पोती लावून त्याला छातीवर बसतं ठेवलं. दिवेलागणीला उठला. घरची म्हातारी तोवर शेजारी बसून होती, माझ्याशी चकार शब्द बोलली नाही. माझ्या हातात तरी लेबल लावलेली बाटली होती, समोर जनावर होतं. तिकडच्या पुडीत काय नि किती, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

बाटली ठेवू नका. उकिरड्यात नको, कॅनॉलमध्ये तर नकोच. चुकून कुणाला सुई लागलीच, तर बाटली घेऊन तडक दवाखाना गाठा. शिंगाच्या जखमेवर माशी बसू देऊ नका. डॉक्टर पट्टी बदलायला येतील, तेव्हा बाटली त्यांच्याच हातात द्या.