जुन्या रॅमच्या जोडीला त्याच मॉडेलची दुसरी जोडी लावल्यापासून ब्लू स्क्रीन येऊन संगणक बंद पडतोय. बॅकअप घेऊन फॉरमॅट मारू का?

नाही. फॉरमॅट नको, आणि या अवस्थेत बॅकअप तर अजिबात नको.

फाइल एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर जाते ती रॅममधून. तिथे एक बिट उलटला तरी कॉपी बिघडते, आणि विंडोज चकार शब्द न काढता काम पूर्ण झालं म्हणून सांगतं. त्यानंतर तुम्ही मूळ डिस्क फॉरमॅट केलीत, की जी प्रत धड होती तीच गेली. बॅकअप हवाच असेल तर आधी नवी जोडी काढा, पूर्वीसारख्या दोनच स्टिकवर (रॅमच्या पट्ट्यांवर) संगणक चालवा आणि मग घ्या.

तुम्ही लिहिलंय की दर वेळी वेगळा एरर येतो: कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी पेज फॉल्ट, कधी भलत्याच ड्रायव्हरचं नाव. एखादा ड्रायव्हर बिघडलेला असेल तर तो सहसा एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा पडतो. एरर असे भटकायला लागले आणि त्याच सुमारास रॅम बदललेली असली, तर पहिला संशय रॅमवरच घ्यायचा.

आमच्या घरात हे सगळं होऊन गेलंय. दादा व्हिडिओ एडिटिंग करतो. त्याच्याकडे डीडीआर-४ प्रकारच्या, ३६०० वेगाच्या रॅमची जोडी होती, तिला त्याने त्याच कंपनीची, त्याच मॉडेल नंबरची दुसरी जोडी लावली. आठवडाभरात ब्लू स्क्रीन सुरू. मी त्याला एकच गोष्ट करून दाखवली. मोठी झिप फाइल उघडली, तर आतल्या एका फाइलला सीआरसी एरर (फाइलमधला डेटा बिघडल्याची सूचना) आला. तीच झिप पुन्हा उघडली, तर ती फाइल नीट आली आणि दुसऱ्याच फाइलला एरर. डिस्कवरची झिप खराब असती तर एरर दर वेळी त्याच फाइलला आला असता. मी म्हणाले, "दादा, रॅम आहे. नवी जोडी काढ." तो म्हणाला, "एकाच मॉडेलची आहे, रॅम कशी असेल? व्हायरस असणार."

मग त्याने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने त्याच चार स्टिकवर सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला, बायॉस (मदरबोर्डची मूळ सेटिंग्ज) रीसेट केलं आणि फॉरमॅट मारला. संगणक मस्त चालायला लागला. दादा खूश. चालला तो बायॉस रीसेटमुळे: एक्सएमपी, म्हणजे रॅम खोक्यावरच्या वेगाने चालवणारं सेटिंग, बंद झालं आणि रॅम ३६०० वरून २६६६ वर आली. काही दिवसांनी दादाला टास्क मॅनेजरमध्ये २६६६ दिसलं, त्याने एक्सएमपी परत चालू केलं, ब्लू स्क्रीन परत हजर. त्यानंतर बॅकअप उघडून पाहिला. कितीतरी फोटोंचा वरचा भाग स्वच्छ, मधेच एक आडवी रेघ आणि तिच्याखाली सगळे रंग सरकलेले. काही फोटो उघडेचनात. त्यातले बरेचसे घरचे जुने फोटो होते आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. दादा आजही म्हणतो की बाहेरची डिस्क खराब होती. तीच डिस्क मी अजून वापरते, तिला काहीही झालेलं नाही.

शेवटी मी पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवलं. चारही स्टिक एक्सएमपीवर: लाल ओळींचा, म्हणजे एररचा, सडा. एकेक स्टिक एक्सएमपीवर: स्वच्छ. चारही एक्सएमपीविना: स्वच्छ. म्हणजे एकही स्टिक खराब नव्हती. चौघी मिळून त्या वेगाला टिकत नव्हत्या, एवढंच. तुम्हीही याच क्रमाने जा. चार स्लॉटच्या बहुतेक मदरबोर्डांवर दोनच स्टिक लावताना प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा, तेवढं मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

"खोक्यावर ३६०० लिहिलंय, बोर्डावरही ३६०० लिहिलंय, मग चाललंच पाहिजे" हा दादाचा मुद्दा, आणि तुमचाही तोच दिसतो. तो चूक आहे. खोक्यावरचा आकडा त्या खोक्यातल्या स्टिकपुरता तपासलेला असतो. दुसऱ्या खोक्यात मॉडेल तेच असलं तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. एक्सएमपी हे मुळात ओव्हरक्लॉकिंगच आहे: डीडीआर-४ चं ठरलेलं व्होल्टेज १.२, आणि ३६०० च्या बऱ्याच जोड्या एक्सएमपीत १.३५ मागतात. शिवाय एका चॅनलवर (प्रोसेसर आणि रॅममधल्या वाटेवर) दोन-दोन स्टिक आल्या की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवरचा भार वाढतो. एएमडीने रायझन ७००० साठी स्वतःच दिलेला आकडा बघा: दोन स्टिक असतील तर डीडीआर-५ ५२००, चार असतील तर ३६००. हे मी दादाला दाखवलं, तर म्हणे ते डीडीआर-५ चं आहे. आकडा डीडीआर-५ चा आहे, पण जास्त स्टिक लावल्या की वेग उतरवावा लागतो हे डीडीआर-४ लाही लागू आहे. चार ठेवायच्या असतील तर वेग कमी करा. वेग हवा असेल तर हव्या त्या क्षमतेची दोन स्टिकची एकच जोडी घ्या. व्होल्टेज वाढवत बसू नका.

एक सांगायचं राहिलं. एकटी स्टिक, एक्सएमपी बंद, तरीही लाल ओळी आल्या तर तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. एरर स्टिकबरोबर गेला तर स्टिक बदलून घ्या. स्लॉटपाशीच राहिला तर बोर्ड किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन. आणि मेमटेस्ट स्वच्छ आलं म्हणजे रॅम शंभर टक्के निर्दोष असं नाही. गेम किंवा रेंडर चालू असताना केस तापते तेव्हाच पडणाऱ्या स्टिकही असतात, आणि पॉवर सप्लायही अशीच लक्षणं दाखवतो.

रॅम स्थिर झाल्यावर मात्र एकदा एसएफसी (विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवा. मधल्या काळात विंडोजने अपडेट घेतले असतील तर त्या फाइली बिघडलेल्या असू शकतात, आणि एसएफसीने भागलं नाही तर तेव्हा खुशाल विंडोज नव्याने टाका. रॅम वाढवल्यानंतर कॉपी केलेला प्रत्येक फोल्डर उघडून बघा, आणि त्याआधीचा एखादा बॅकअप कुठे पडून असेल तर तो पुसू नका.