‘५४ वर्षे’ की ‘५४वे वर्ष’? इजिप्तच्या राजांचा काळ मराठीत लिहिताना

प्रश्न असा आला आहे : तिसऱ्या थुतमोसबद्दल एका मराठी लेखात ‘त्याने ५४ वर्षे राज्य केले’ असे आहे, तर दुसऱ्या लेखात ‘कारकिर्दीच्या ५४व्या वर्षी तो वारला’ असे आहे. या दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच मानावा का? शिवाय तो ‘अठराव्या घराण्यातला’ म्हणावा की ‘अठराव्या राजवंशातला’?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि हा फरक दाखवणारी सोय आपल्या रोजच्या बोलण्यात आधीपासूनच आहे. मुलाला ‘पाचवे लागले’ म्हणजे चार वर्षे पुरी झाली, आणि ‘पाच पुरी झाली’ म्हणजे सहावे लागले. घरातल्या आजीच्या तोंडी ही भाषा कधी चुकत नाही. इतिहास लिहायला बसलो की मात्र आपण क्रमवाचक आणि संख्यावाचक यांची गल्लत करतो. प्राचीन इजिप्तचे लेखनिक ‘लागलेले’ वर्ष लिहीत. त्यांच्याकडे सलग चालणारा शक नव्हता. राजा गादीवर आला की पहिले वर्ष, आणि तो गेला की पुढच्या राजाचे पुन्हा पहिले. आपल्या शिलालेखांच्या अभ्यासकांनी ‘गत वर्ष’ आणि ‘वर्तमान वर्ष’ असे दोन नेमके शब्द रूढ केले आहेत; त्यांच्या भाषेत सांगायचे तर इजिप्तचे राज्यवर्ष हे वर्तमान वर्ष असते.

थुतमोसचेच उदाहरण जवळून पाहू. इजिप्तच्या पंचांगात चार-चार महिन्यांचे तीन ऋतू होते : पुराचा अखेत, उगवणीचा पेरेत आणि उन्हाळ्याचा शेमू. महिना ३० दिवसांचा असे आणि वर्षाच्या शेवटी ५ दिवस जादा धरले जात. थुतमोस गादीवर आला तो शेमूच्या पहिल्या महिन्याच्या ४थ्या दिवशी. त्याच्या पदरच्या आमेनेमहेब नावाच्या सैन्याधिकाऱ्याने थीब्ज येथील आपल्या थडग्यात राजाच्या मृत्यूची नोंद कोरवून घेतली आहे : वर्ष ५४, पेरेतचा तिसरा महिना, शेवटचा दिवस. थुतमोसच्या या काळात (इतिहासकार त्याला इजिप्तचे ‘नवे राज्य’ म्हणतात) राज्यवर्ष बदलत असे ते नववर्षाच्या दिवशी नव्हे, तर राज्यारोहणाच्या तिथीला. म्हणजे त्या दिवशी राजाची ५३ वर्षे पुरी होऊन ५४वे लागलेले होते, त्याचे १० महिने २६ दिवस उलटले होते आणि जादा धरलेले ५ दिवस त्यावर. ते पुरे व्हायला महिन्याहून थोडाच जास्त काळ राहिला होता. तेव्हा ‘५४व्या वर्षी वारला’ हे काटेकोरपणे खरे, ‘जवळजवळ ५४ वर्षे राज्य केले’ हेही चालेल, पण नुसते ‘५४ वर्षे’ म्हणणे मला पटत नाही. इथे चूक महिन्याभराचीच होते. पण एखादा राजा वर्ष लागताच वारला असेल, तर हीच शब्दांची ढिलाई पुरे एक वर्ष वाढवते, आणि अशा दहा-बारा राजांची बेरीज केली की घोटाळा अंगावर येतो.

शब्दांची आवड असणाऱ्यांसाठी एक गोष्ट जाता जाता सांगतो. राज्यवर्षासाठी जी चित्रचिन्हे लिहीत, त्यांचे वाचन आज बहुधा ‘हसबेत’ असे करतात. त्या लिपीत स्वर लिहीत नसत, त्यामुळे उच्चार सोयीसाठी मानलेला आहे. पण मुळाशी असलेल्या ‘ह-स-ब’ या धातूचा अर्थ ‘मोजणे’ असा आहे. अरबीतल्या ‘हिसाब’चा, म्हणजे आपल्या ‘हिशेब’चा, हा दूरचा सोयरा. राज्याचे वर्ष म्हणजे हिशेबाचे वर्ष, हे मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण पिरॅमिडांच्या काळात वर्षे खरोखरच मोजणीवरून ओळखली जात : ‘गुरांच्या अमुकाव्या मोजणीचे वर्ष’ आणि ‘अमुकाव्या मोजणीनंतरचे वर्ष’. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे सापडलेल्या पपायरसांत, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदांत, मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफू राजाच्या ‘१३व्या मोजणीनंतरचे वर्ष’ असा उल्लेख आहे. मोजणी एक वर्षाआड नेमाने होत असे असे धरले, तर हे त्याचे २६वे किंवा २७वे वर्ष ठरते. अशा ठिकाणी मराठीत सरळ ‘१३व्या वर्षी’ लिहिणे म्हणजे राजाचे निम्मे राज्य गिळून टाकणे होय. ‘मोजणी’ हा शब्द वाक्यात राहिलाच पाहिजे.

इसवी सनपूर्व आकडा शेजारी मांडताना आणखी एक खड्डा असतो. दुसरा रामेसेस इ.स.पू. १२७९मध्ये गादीवर आला ही आज सर्वाधिक स्वीकारलेली तारीख आहे. हित्ती लोकांशी झालेली कादेशची लढाई त्याच्या ५व्या वर्षी झाली. बोटे मोजून १२७९ हे पहिले, १२७८ हे दुसरे असे केले तर उत्तर १२७५ येते. पुस्तकांत मात्र १२७४ असते. दोष पुस्तकांचा नाही. रामेसेसचे राज्यारोहण शेमूच्या तिसऱ्या महिन्याच्या २७व्या दिवशी झाले आणि लढाईची नोंद त्याच महिन्याच्या ९व्या दिवसाची आहे. म्हणजे ५वे वर्ष इ.स.पू. १२७५मध्ये लागले आणि ते संपायला १८ दिवस उरले असताना, १२७४मध्ये, लढाई झाली. म्हणून अशा वर्षाचा सन देताना ‘इ.स.पू. १२७५-७४’ असा जोडआकडा द्यावा, आणि दिवस ठाऊक असेल तरच एक आकडा द्यावा. पुढे सव्विसाव्या राजवंशाच्या काळात पद्धत बदलली : राज्यवर्ष पंचांगाच्या नववर्षाला बदलू लागले, त्यामुळे राजाचे ‘पहिले वर्ष’ काही महिन्यांतच संपू शके.

इथे ‘राज्याभिषेकाच्या ५व्या वर्षी’ असेही लिहिलेले आढळते, ते टाळावे. इजिप्तमध्ये गणना राज्यारोहणापासून होई. आमेनेमहेबचाच लेख सांगतो की थुतमोस स्वर्गाला गेल्यावर दुसऱ्या दिवशी उजाडताच दुसरा आमेनहोतेप पित्याच्या सिंहासनावर बसला. मराठी वाचकाला हा भेद समजावून सांगावा लागू नये : शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४पासून चालू झाला, आणि महाराजांचा कारभार त्याच्या कितीतरी आधीचा. शकाचे वर्ष सांगणे वेगळे आणि कारभाराची वर्षे सांगणे वेगळे.

‘कारकीर्द’ हा फारसीतून आलेला शब्द राजाच्या पूर्ण काळासाठी उत्तम आहे, तो ठेवावा. एकेका वर्षासाठी ‘राज्यवर्ष’ म्हणावे. ‘राजवट’ हा शब्द सत्तेच्या स्वरूपाविषयी बोलताना वापरावा. इजिप्तवर राज्य केलेल्या परकीय हिक्सोसांची राजवट, असा.

दुसरा प्रश्न राहिला. इजिप्तच्या राजांची तीस गटांत विभागणी केली ती मानेथो या इजिप्शियन पुजाऱ्याने, ग्रीक भाषेत, इ.स.पू. तिसऱ्या शतकात. त्याने वापरलेल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘सत्ता’ असा आहे. रक्ताचे नाते त्यात गृहीत नाही. अठराव्या गटाचा पहिला राजा अहमोस हा सतराव्या गटातल्या सेकेनेनरे ताओचा मुलगा. उलट अठराव्या गटाचा शेवटचा राजा होरेमहेब हा सेनापती होता, राजरक्ताचा नव्हता. बाप एका ‘घराण्यात’, मुलगा दुसऱ्या आणि परका सेनापती मुलाच्या घराण्यात, असे वाक्य मराठीत उभेच राहत नाही. शिवाय पंधरावा आणि सतरावा हे गट एकाच वेळी, एक अवारिसला आणि दुसरा थीब्जला, राज्य करत होते; ‘घराण्यामागून घराणे’ ही ओळख तिथे फसते. ‘राजवंश’ शब्दातही ‘वंश’ आहेच, ही अडचण मी नाकारत नाही. पण क्रमांकासह तो संज्ञा म्हणून रुळला आहे, आणि ‘घराणे’ म्हणताच डोळ्यांपुढे जी चुलत-सावत्र भावंडांची वंशावळ उभी राहते, ती ‘अठरावा राजवंश’ म्हणताना तेवढी राहत नाही. म्हणून होरेमहेबबद्दल ‘अठराव्या राजवंशात मोडतो’ असे लिहावे, ‘राजवंशात जन्मला’ असे नाही. त्याच्या थडग्यातल्या मद्यकुंभांवरचे सर्वांत वरचे वर्ष १४ आहे. त्यावरून ‘१४वे लागलेले होते’ एवढेच म्हणता येते, ‘१४ वर्षे राज्य केले’ असे नाही.