आधी वस्तू काय आहे ते सांग

अगं, एट्सी या ऑनलाइन बाजारात तू टाइलला दिलेलं नाव वाचलं, ‘मांडवीकाठची संध्याकाळ’. सुंदर आहे, पण असं कोण शोधणार? मीही करवंटीच्या दिव्याला असंच काव्यमय नाव दिलं होतं. पावसाळा सरला तरी दिवा घरातच. मग सरळ ‘नारळाच्या करवंटीचा टेबल लॅम्प’ लिहिलं, तेव्हा कुठे विचारणा सुरू झाली.

एट्सीवर शीर्षकाला १४० अक्षरं मिळतात, म्हणून ती सगळी भरायची असं नाही. मोबाइलवर पहिले काही शब्दच दिसतात. त्यामुळे वस्तूचं नाव अगदी सुरुवातीला. मग ती कशाची, कुठल्या रंगाची, किती मोठी. ‘भेटवस्तू’, ‘दिवाळीसाठी’ हे टॅगमध्ये, म्हणजे शोधासाठी वेगळे द्यायच्या शब्दांत टाक, तिथे तेरा जागा आहेत.

तुझ्या बाबतीत खरी मेख ‘अझुलेजो’, म्हणजे पोर्तुगीज धाटणीची रंगीत टाइल, या शब्दात आहे. पणजीच्या फोंतेन्यश या जुन्या वस्तीत फिरून गेलेल्या पर्यटकाला तो ठाऊक असतो, नागपूरच्या गिऱ्हाइकाला नसतो. तो ‘घराच्या नावाची पाटी’ शोधतो. म्हणून: ‘घराच्या नावाची पाटी, हाताने रंगवलेली निळी-पांढरी अझुलेजो टाइल, ६ इंच’. दोघांनाही सापडेल. पण टाइल छापील असेल तर ‘हाताने रंगवलेली’ लिहू नकोस हं. लाल चौकड्यांच्या कुठल्याही कापडाला गोव्याचं पारंपरिक ‘कुणबी’ म्हणून खपवणारे पाहिले की माझं डोकं फिरतं.

आणि सगळी शीर्षकं एकाच दिवशी बदलू नकोस. दोन-तीन बदल, महिनाभर थांब, वस्तूचं पान बघणारे वाढतात का बघ.