वाचकांचे प्रश्न : ‘स्मार्ट’ पिस्तुलाची सक्ती का फसली?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. मुलगा शाळेतील मित्रांच्या घरी खेळायला जातो, आणि त्यांपैकी कोणाच्या घरी पिस्तूल असेल ही धास्ती मनातून जात नाही. मालकाखेरीज दुसऱ्या कोणाला चालवताच येणार नाहीत अशीच पिस्तुले विकली जावीत, असा कायदा या राज्याने फार पूर्वी केल्याचे वाचले होते. मग तशी पिस्तुले दुकानांत का दिसत नाहीत? आणि आज कायद्याचे कोणते संरक्षण आहे?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. डिसेंबर २००२ मध्ये गव्हर्नर जेम्स मॅकग्रीव्ही यांनी त्या कायद्यावर सही केली. मुलांच्या हाती लागले तरी धोक्याचे ठरणार नाही असे पिस्तूल, हाच त्याचा उद्देश होता. मात्र त्या वेळी असे एकही पिस्तूल बाजारात नव्हते, म्हणून कायद्यात एक अट घातली गेली : मालकाला ओळखणारे पिस्तूल अमेरिकेत कुठेही किरकोळ विक्रीस आले, की त्यानंतर तीन वर्षांनी न्यू जर्सीत फक्त तसलीच पिस्तुले विकता येतील. माझ्या मते सगळा घोटाळा या अटीतच होता. पहिले पिस्तूल विकणारा दुकानदार, तो कोणत्याही राज्यातला असो, न्यू जर्सीतील साध्या पिस्तुलांची विक्री बंद करण्यास कारणीभूत ठरणार होता. साहजिकच, ज्या तंत्राला प्रोत्साहन द्यायचे त्याचीच वाट रोखण्याचे कारण बंदूकप्रेमी संघटनांना आयते मिळाले.

ते पिस्तूल २०१४ मध्ये खरोखरच आले. आर्माटिक्स या जर्मन कंपनीचे ‘आयपी-वन’ हे .२२ कॅलिबरचे पिस्तूल एका मनगटी घड्याळासह मिळत असे. घड्याळात सांकेतिक क्रमांक भरायचा आणि पिस्तूल घड्याळाच्या जवळ धरायचे. रेडिओ लहरींनी ओळख पटली की मुठीच्या मागचा दिवा हिरवा होई, आणि मगच चाप ओढल्यावर गोळी सुटे. घड्याळासह त्याची किंमत सुमारे १८०० डॉलर होती. मेरीलँडमधील रॉकव्हिल येथील एका दुकानदाराने ते विक्रीस ठेवण्याचे जाहीर करताच त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्याने माघार घेतली. कॅलिफोर्नियातही असाच गदारोळ झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यू जर्सीच्या अॅटर्नी जनरल कार्यालयाने निर्णय दिला, की पिस्तूल घड्याळापासून सुमारे दहा इंचांच्या आत असेल तर परक्या माणसालाही ते चालवता येते. त्यामुळे ते कायद्यातील व्याख्येत बसत नाही आणि सक्ती लागू होत नाही. तीन वर्षांनी एका हॅकरने, सुमारे पंधरा डॉलरचे लोहचुंबक नळीलगत ठेवून, घड्याळाशिवायच त्यातून गोळी झाडून दाखवली.

विरोधकांचे सगळेच आक्षेप हटवादी होते असे मी म्हणणार नाही. घरात चोर शिरला असताना बॅटरी संपली तर काय, ही शंका रास्त आहे. कायद्याने पोलिसांना या सक्तीतून वगळले होते, त्यामुळे ‘पोलिसांना ज्याचा भरवसा वाटत नाही ते आमच्या माथी का?’ या प्रश्नाला सरकारपाशी समाधानकारक उत्तर नव्हते. पण दुकानदाराला धमकावून एखादी वस्तू बाजारात येऊच न देणे हा आक्षेप नव्हे, ती दहशत आहे, आणि त्यामुळे ज्यांना स्वखुशीने असे पिस्तूल घ्यायचे होते त्यांचाही हक्क हिरावला गेला.

या कायद्याच्या पुरस्कर्त्या सिनेटर लोरेटा वाइनबर्ग यांनीच पुढे सक्ती मागे घेण्याची तयारी दाखवली, हे त्यांच्या मोठेपणाचे लक्षण आहे. त्यांच्या सुधारित विधेयकाला गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी नकाराधिकार वापरून अडवले. अखेर जुलै २०१९ मध्ये गव्हर्नर फिल मर्फी यांच्या सहीने नवा कायदा आला. जुनी सक्ती गेली. आता एक आयोग अशा पिस्तुलांना मान्यता देतो, आणि मान्य यादीतील किमान एक पिस्तूल विक्रेत्याने दुकानात ठेवले पाहिजे. ग्राहकाने काय घ्यावे हे त्याच्यावर सोडले आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. २००५ च्या संघीय कायद्यानुसार परवानाधारक विक्रेत्याने पिस्तुलासोबत कुलूप किंवा तत्सम सुरक्षा-साधन दिलेच पाहिजे. ते वापरण्याची सक्ती मात्र त्या कायद्यात नाही. भरलेले शस्त्र अल्पवयीन मुलाच्या हाती सहज लागेल असे ठेवणे न्यू जर्सीत गुन्हा आहे, आणि विक्रेत्याने तशी लेखी सूचना खरेदीदाराला द्यावी लागते. तेव्हा मित्राच्या आईवडिलांना, घरी पिस्तूल आहे का, ते कुलपात आहे का आणि काडतुसे वेगळी ठेवली आहेत का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. खाण्यापिण्याची पथ्ये आपण सांगतोच, त्याच वेळी हेही विचारावे.

प्रश्न : मोटारीत दोष निघाला तर सरकार ती परत मागवायला लावते. पिस्तुलाच्या बाबतीत तसे का होत नाही? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कारण अमेरिकी संसदेनेच ते होऊ दिलेले नाही. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेसाठी १९७२ मध्ये संघीय आयोग स्थापण्यात आला, पण बंदुका आणि काडतुसे त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली. खेळण्यातील पिस्तुलावर या आयोगाचा अधिकार चालतो, खऱ्या पिस्तुलावर नाही. २०१७ मध्ये सिग सॉअर कंपनीचे पी-३२० हे पिस्तूल विशिष्ट कोनात खाली पडल्यास आपोआप गोळी सुटू शकते असे चाचणीत दिसून आले, तेव्हा कंपनीने स्वेच्छेने दुरुस्ती देऊ केली. ही चाचणी प्रचलित मानकांच्या पलीकडची असल्याचे कंपनीचे म्हणणे होते, आणि ती मानके उद्योगाच्याच संघटनेने ठरवलेली आहेत.

ही पोकळी काही राज्यांनी भरून काढण्याचा प्रयत्न केला. कॅलिफोर्नियात खाली टाकून पाहण्याची चाचणी उत्तीर्ण झालेल्या पिस्तुलांचीच यादी होते आणि यादीबाहेरचे नवे पिस्तूल दुकानदाराला सर्वसामान्य ग्राहकाला विकता येत नाही. हा भाग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण तो आज मोजता येईल अशी कसोटी लावतो. पुढे मात्र या राज्याचाही पाय न्यू जर्सीसारखाच घसरला. गोळी सुटताना फायरिंग पिनने (काडतुसावर आघात करणाऱ्या टोकाने) काडतुसाच्या पुंगळीवर पिस्तुलाची ओळख सांगणारी सूक्ष्म खूण उमटवली पाहिजे, ही अट २००७ च्या कायद्याने घालून २०१३ पासून लागू करण्यात आली. ती पूर्ण करणारे पिस्तूल कोणत्याही कंपनीने आणले नाही. परिणामी जुनी मॉडेले यादीत राहिली आणि नळीत काडतूस असल्याचे दाखवणारी खूण किंवा मॅगझिन काढल्यावर गोळी सुटू न देणारी रचना असलेल्या नव्या मॉडेलांनाही दार बंद झाले. मार्च २०२३ मध्ये संघीय न्यायाधीश कॉर्मक कार्नी यांनी या अटींना अंतरिम मनाई केली. त्यानंतर त्याच वर्षी राज्याने केलेल्या नव्या कायद्यात सूक्ष्म खुणेचे तंत्र व्यवहार्य आहे की नाही हे आधी तपासण्याची जबाबदारी राज्याच्या न्याय विभागावर टाकली आहे, आणि सक्तीचा टप्पा त्यानंतरचा ठेवला आहे. हा क्रम २००७ मध्येच पाळला असता तर दहा वर्षे वाया गेली नसती.